दर निश्चित नाही: खो-खोच्या मैदानासाठी 82 दिवस

मुलींसाठी 21 दिवसांचं खो-खो शिबिर, नगरपरिषदेच्या क्रीडांगणावर, सकाळी साडेपाच ते साडेसात. मांडव नाही, स्पीकर नाही, मुलींकडून एक रुपया फी नाही. एवढ्याशा परवानगीसाठी दिलेला माझा अर्ज 29 जानेवारी 2025 ला आवक झाला आणि परवानगीचं पत्र हातात पडलं 21 एप्रिलला. मोजून 82 दिवस. त्यातले दोन महिने तो एकाच टेबलावर 'दर निश्चित नाही' या कारणाखाली अडकून होता. वर्ष होत आलं, शिबिर झालं, मुली खेळायला लागल्या, तरी ते तीन शब्द आठवले की मला अजून राग येतो. म्हणून सगळं लिहून काढते आहे. तालुक्याच्या गावात दुसरं कुणी असंच काही करायला निघालं असेल, तर निदान त्यांचे हेलपाटे वाचावेत.

हे डोक्यात कुठून आलं ते आधी सांगते. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. महिला आणि पुरुष, दोन्ही गटांत आपण जिंकलो आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मी स्वतः पाचवीपासून कॉलेज संपेपर्यंत खो-खो खेळले, विद्यापीठाच्या संघात होते. लग्नानंतर मैदान सुटलं. त्या रविवारी आमच्या गल्लीतल्या नऊ-दहा मुली आमच्या टीव्हीपुढे दाटीवाटीने बसून सामना बघत होत्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या दारात उभ्या. "काकू, आम्हाला शिकवा ना." आता हा खेळ गल्लीत शिकवता येत नाही. मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद लागतं, दोन्ही टोकांना खांब लागतात, आणि खाली माती लागते. डांबरावर कुणी सूर मारू नये.

आमच्या गावात असं मैदान आहे. आमची ब वर्ग नगरपरिषद, म्हणजे 40 हजारांच्या वर आणि एक लाखाच्या आत वस्ती. बागेला लागूनच विकास आराखड्यातल्या 'क्रीडांगण' आरक्षणाची जागा आहे. नगरपरिषदेने ती ताब्यात घेऊन कुंपण घातलं, एका कडेला निधीतून ओपन जिमची यंत्रं बसली, उरलेली माती मोकळी. सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ फाटक उघडं असतं. मी माझ्या पावलांनी मोजून आले. खो-खोची दोन मैदानं शेजारी शेजारी आखली तरी जागा उरते.

मला वाटलं होतं, बाग-मैदान बघणारं एक टेबल असेल, तिथे जायचं आणि विचारायचं. पुणे-नाशिकच्या महापालिकांमध्ये उद्यान विभाग असतो, उद्यान अधीक्षक असतो. छोट्या नगरपरिषदेत तसं नसतं. आमच्याकडे झाडं, हिरवळ आणि पाणी ठेकेदाराकडे, ठेकेदाराचं बिल स्वच्छता विभागाकडे, कुंपण-फाटक-पाळणे बांधकाम विभागाकडे, जागेचं भाडं कर विभागाकडे, आणि स्पर्धा-शिबिर असा काही विषय असेल तर शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समितीकडे. म्हणजे एका मैदानाचे पाच वाटे, आणि तिथे मुलं खेळतात की नाही हे बघणं यातल्या एकाचंही काम नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात पाणी, सफाई, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं आहेत, तर उद्यानं आणि क्रीडांगणं ऐच्छिक कामांत मोडतात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत मात्र बारावी बाबच उद्यानं, बागा आणि क्रीडांगणांची आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने ती अनुसूची आली, तेव्हापासून हा नगरपरिषदांचा विषय आहे. हे मी नंतर वाचलं. पण कचेरीत उभं राहिलं की ऐच्छिक शब्दाचा अर्थ लगेच कळतो. एका साहेबांनी मला सरळ विचारलं, "ताई, आम्ही पाण्याचं बघू का मैदानाचं?" मी म्हटलं, दोन्ही बघा.

अर्ज देण्यात काही अडलं नाही. दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. हे कुणीही विसरू नका. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिलेलाच नसतो, मग तुम्ही कितीही ओळखीच्या माणसाच्या हातात दिलेला असो. सोबत आधारची प्रत, मुलींची यादी, पालकांची संमतीपत्रं आणि मैदान कुठे आखणार त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडला होता. अर्ज चार दिवसांत कर विभागात पोचला, आणि तिथे थांबला.

कर विभागातला लिपिक तरुण मुलगा होता, बोलायला अदबशीर. पहिल्या दिवशी त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावरच्या काचेखाली एक पिवळा पडलेला कागद होता, त्यावर बोट ठेवून त्याने मला मैदानाचे दर वाचून दाखवले. सर्कस व आनंदमेळा, प्रदर्शन व विक्री, जाहीर सभा, लग्नसमारंभ. चारच ओळी. सगळ्यात कमी दर दिवसाला अडीच हजार.

"तुमचे 21 दिवस म्हणजे साडेबावन्न हजार होतील मॅडम. आणि दहा हजार अनामत."

"मी मुलींना खेळ शिकवणार आहे. दोन तास."

"तासाचा दर नाही."

"मग मुलांच्या खेळाचा दर किती?"

"त्याचा दर निश्चित नाही."

"दर नाही तर फुकट द्या."

"दर नसेल तर देताच येत नाही मॅडम."

मी हे चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारून बघितलं, चारही वेळा तिथेच आलो. नंतर, खूप नंतर, त्याची बाजू मला समजली आणि ती सांगायला हवी. दर नाही म्हणजे पावती फाडता येत नाही, पावती नाही म्हणजे परवानगीचं पत्र निघत नाही. फुकट दिलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो की नगरपरिषदेचं उत्पन्न बुडवलं, आणि मग वसुली लावतात ती सही करणाऱ्याच्या पगारातून. त्याच्या आधीच्या लिपिकावर एका मंडळाला मैदान फुकट दिल्याबद्दल असा आक्षेप आला होता. त्यामुळे हा मुलगा स्वतः होऊन शून्य लिहिणार नव्हता, आणि साडेबावन्न हजार लिहायला त्यालाही संकोच वाटत होता. म्हणून त्याने तिसरा मार्ग काढला. टिपणी लिहिली: 'सदर प्रयोजनार्थ दर निश्चित नसल्याने विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे उचित राहील.' 14 फेब्रुवारीला वरून सही होऊन टिपणी परत त्याच्याच टेबलावर आली. सहमत, सभेपुढे ठेवा.

आणि सभा नव्हती! महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांसारखी आमच्याही नगरपरिषदेची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. नगराध्यक्ष नाही, नगरसेवक नाहीत, क्रीडा समिती नाही, सगळा कारभार प्रशासकांकडे. ज्या सभेपुढे माझा विषय ठेवायचा असं ठरलं होतं, त्या सभेला बसायला गावात एकही माणूस निवडून आलेला नव्हता. हे त्या टिपणीवर सही करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मी विचारलं, मग सभा कधी? उत्तर मिळालं, "निवडणुका झाल्या की." निवडणुका कधी? ते सुप्रीम कोर्टात. म्हणजे आमच्या गल्लीतल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलींनी मातीत पळायचं की नाही, ते सुप्रीम कोर्टाच्या तारखेवर येऊन ठेपलं.

त्यानंतर मी दर मंगळवारी जात होते. तुम्ही जाल तेव्हा सोमवार टाळा, सोमवारी सगळ्या टेबलांवर गर्दी असते आणि साहेब बैठकीला असतात. फेब्रुवारीचे मंगळवार असेच गेले. मार्च उजाडला आणि टेबलच रिकामं दिसायला लागलं. मार्चअखेर म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली. कर विभागच काय, बांधकाम आणि जन्म-मृत्यू नोंदणीची माणसंही वसुलीच्या पथकात. गावात रिक्षा फिरत होती, थकबाकीदारांच्या नळजोडण्या तोडू म्हणून सांगत. मी कचेरीत गेले की शिपाईमामा लांबूनच हात हलवायचे, नाहीत म्हणून. माझी फाईल काचेच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, गठ्ठ्यात वरून तिसरी होती. मी पाच आठवडे ती तिथेच बघितली. चौथ्या आठवड्यात तिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला होता, तांबडं गोल वर्तुळ उमटलेलं. घरी येऊन मी रडले. त्या गठ्ठ्यात 34 मुलींच्या आईबापांच्या सह्या होत्या. त्यातल्या दोन बायकांनी अंगठे दिले होते, आणि अंगठा देताना एकीने मला विचारलं होतं, "पैसे नाही ना लागणार बाई?"

मला वाट दाखवली शेजारच्या अण्णांनी. पंचायत समितीत आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आवक क्रमांकाचा कागद बघितला आणि दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी, की प्रशासक असताना सभेचे आणि समित्यांचे अधिकार प्रशासकांकडेच असतात. ते निर्णय घेतात आणि तो ठराव म्हणूनच नोंदला जातो. तेव्हा 'सभा नाही' हे कारण होऊच शकत नाही. दुसरा अर्ज द्यायचा आणि त्यात लिहायचं, 'सभेचे अधिकार सध्या मा. प्रशासकांकडे असल्याने विषय त्यांच्यासमोर निर्णयार्थ ठेवावा.' हे वाक्य तुमच्या गावात प्रशासक असतील तेव्हा जसंच्या तसं वापरा. मी फेब्रुवारीतच ते लिहिलं असतं तर कदाचित पुढचं काही करावं लागलं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती. अण्णा म्हणाले, "पोरी, मार्च महिन्यात नवा दर कुणी ठरवणार नाही. जुना असेल तो शोध. याच मैदानावर पूर्वी तालुक्याच्या शालेय स्पर्धा झाल्यात, मी स्वतः बघितल्यात. त्या शाळांनी काही तरी भरलंच असेल ना? विना ठराव कुणी घेतलं असेल का त्यांच्याकडून?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी कचेरीतल्या माणसांनी सांगितलेलंच धरून बसले होते. दर निश्चित नाही याचा अर्थ 'आम्हाला माहीत नाही' असाही असू शकतो, हे कळायला अण्णा भेटावे लागले.

4 मार्चला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. नमुना अ, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. मी प्रती मागितल्या नाहीत, पाहणी मागितली. हे अण्णांनीच शिकवलं. 'क्रीडांगण भाड्याबाबतचा ठराव द्या' म्हटलं असतं तर 'आढळून येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येऊ शकतं. पाहणी मागितली की पुस्तकं आपल्यासमोर आणून ठेवावी लागतात आणि पानं आपण उलटतो. पहिल्या तासाला पैसेही पडत नाहीत. 30 दिवसांची मुदत असते. 24 व्या दिवशी, 28 मार्चला, मला सकाळी अकराला बोलावलं. पाडव्याच्या आधीचा शुक्रवार होता, घरी साफसफाई अर्धवट टाकून मी गेले.

अभिलेख कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. एक ट्यूबलाईट, लोखंडी घडवंच्या, लाल फडक्यांत बांधलेले दप्तरांचे गठ्ठे. सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वर्षावर्षाला बांधून ठेवलेली, जाड पुठ्ठ्याची. मामांनी 2005 पासूनची काढून दिली आणि स्टुलावर माझ्यासमोर बसले. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला विषयांची सूची असते. मी आधी नुसत्या सूच्या बघत गेले, 'मैदान', 'क्रीडांगण', 'भाडे'. 2005 ते 2010 काही नाही. 2011 च्या सूचीतही नाही. तास संपत आला होता. तेवढ्यात लक्षात आलं की सूचीत फक्त विषयपत्रिकेवरचे विषय आहेत. सभेच्या शेवटी ऐनवेळचे विषय घेतात, त्यांची नोंद शेवटच्या पानांवर असते आणि ती सूचीत नसते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आता प्रत्येक सभेचं फक्त शेवटचं पान.

2011 च्या ऑगस्टमधल्या सभेत, 'ऐनवेळचा विषय क्र. 3'. टंकलेखन केलेली पट्टी डिंकाने चिकटवलेली, खालचा कोपरा कसरीने खाल्लेला. 'न.प. मालकीचे क्रीडांगण शालेय विद्यार्थ्यांना मैदानी खेळांचे सराव व शिबिराकरिता प्रतिदिन रु. 10/- नाममात्र आकारणी व रु. 500/- अनामत घेऊन देण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली सूचक, अनुमोदक, नगराध्यक्षांची सही.

मी तो तीनदा वाचला. सराव व शिबिर, दोन्ही शब्द होते. मामा म्हणाले, "सापडलं व्हय ताई?" मला बोलताच आलं नाही, मी नुसतं पान त्यांच्याकडे फिरवलं. चौदा वर्षांपूर्वी त्या सभेत कुणाला तरी मुलांचं सुचलं होतं, एकमताने मंजूर झालं होतं, आणि तो कागद कर विभागाच्या टेबलापासून एक जिना खाली पडून होता. तेवढा जिना उतरून बघावं असं त्या कचेरीत दोन महिन्यांत एकालाही वाटलं नाही, याचा राग मला त्या साडेबावन्न हजारांपेक्षा जास्त आहे.

प्रमाणित प्रत घेतली. दोन पानं, दर पानाला 2 रुपये, 4 रुपयांची पावती. ती पावती मी जपून ठेवली आहे.

1 एप्रिलच्या मंगळवारी प्रत घेऊन गेले. वसुली संपली होती, लिपिक जागेवर होता. त्याने ठराव वाचला, उलटा करून शिक्का बघितला, पुन्हा वाचला, आणि त्याचा चेहरा असा मोकळा झाला की त्याच्यावरचा माझा राग तिथेच निम्मा उतरला. त्याने झेरॉक्स काढून आणली, टेबलावरची काच एका बाजूने उचलली आणि तो कागद त्या पिवळ्या कागदाच्या खालच्या बाजूला सरकवला. म्हणाला, "मॅडम, आता मी बदलून गेलो तरी हा इथेच राहील." त्याच दिवशी नवी टिपणी झाली. 21 दिवसांचे 210 रुपये.

तरी 20 दिवस गेले ते खांबांमुळे. खो-खोचा खांब जमिनीच्या वर 120 ते 125 सेंटिमीटर असतो आणि मुलं त्याला पूर्ण वेगात येऊन धरतात, त्यामुळे तो खाली फूट-दीड फूट पक्का रोवावा लागतो. माझ्या नकाशात 'खांब (2)' असं लिहिलेलं बघून बांधकाम विभागाने शेरा मारला की क्रीडांगणात बांधकाम अनुज्ञेय नाही. ज्या खेळाचे पहिले नियम 1914 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याने केले, त्या खेळाचे दोन लाकडी खांब म्हणजे बांधकाम! पण इथे मी भांडले नाही. अभियंता साहेबांना विनंती केली की एकदा जागेवर या. ते खरंच सकाळी सहाला आले, फिरायला येतातच तिथे. मी खांब हातात धरून उभी राहिले, किती आत जाणार ते दाखवलं, शिबिर झाल्यावर काढून खड्डे बुजवून देईन असं लिहून दिलं. त्यांनी शेऱ्यात 'तात्पुरत्या स्वरूपाचे' एवढे शब्द वाढवले आणि विषय संपला. नकाशात तुम्हीही पहिल्यापासून 'तात्पुरते' लिहा. नेट, खांब, फळा, पाण्याची टाकी, जे काही असेल त्याच्यापुढे.

शब्दांवरून आणखी आठवलं. अर्जात 'कार्यक्रम' हा शब्द घालू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात 'शिबिराचा कार्यक्रम' होतं, ते आवक खिडकीवरच्या बाईंनी मला कापायला लावलं. कार्यक्रम म्हटलं की पोलिसांचा दाखला, स्पीकर, गर्दी, अग्निशमन असं सगळं मागे लागतं. 'सराव शिबिर' लिहा. त्या बाईंचे मी अजून आभार मानते, कारण 2011 च्या ठरावात नेमका तोच शब्द निघाला.

तालुका क्रीडा संकुल गावाबाहेर आहे, तिथेही मी एक दिवस घालवला. ते नगरपरिषदेचं नसतं, राज्याच्या क्रीडा खात्याचं असतं, त्याची समिती वेगळी आणि दर वेगळे. तिथली चौकशी नगरपरिषदेत उपयोगी पडत नाही. आणि काही जणांनी लोकशाही दिनात, म्हणजे साहेब लोकांच्या तक्रारी ऐकून घेतात त्या ठरलेल्या दिवशी, जा असं सांगितलं होतं. तो मार्ग आहे, पण अर्ज आधी पंधरा दिवस द्यावा लागतो. मला तोवर ठराव सापडला, म्हणून गेले नाही.

तारखा देताना एक चूक झाली होती ती सांगते. अर्जात मी 21 एप्रिलपासून शिबिर लिहिलं होतं, दर वर्षीच्या अंदाजाने. पण 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर 25 एप्रिलपर्यंत चालल्या. पत्र मिळालं नेमकं 21 एप्रिललाच, तेव्हा तारखा बदलून मागाव्या लागल्या. सुदैवाने त्या लिपिकाने अर्ध्या तासात दुरुस्ती करून दिली. 'उन्हाळी सुट्टी लागल्यापासून 21 दिवस' असं लिहिलं तर हे टळेल.

5 मेला सुरू केलं. फाटकाची किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडे असते आणि परवानगीच्या पत्राची प्रत त्याला कुणी देत नाही, ती आपणच नेऊन द्यायची आणि त्याचा फोन नंबर घ्यायचा. पहिल्या दिवशी आम्ही साडेपाचला बाहेर आणि फाटक बंद, सव्वासहापर्यंत. दुसरं म्हणजे बागेतलं स्वच्छतागृह. सकाळी त्याला कुलूप होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली दोन तास मैदानावर असणार आणि स्वच्छतागृह बंद, हे चालवून घेऊ नका. मी तिसऱ्या दिवशी लेखी दिलं, पाचव्या दिवशी उघडलं. अर्जातच ते मागितलं असतं तर बरं झालं असतं, आता मागते.

34 नावं होती, दुसऱ्या आठवड्यात 41 झाल्या. फक्कीने मैदान आखायला मुलीच शिकल्या, दोरी धरून. पहिले आठ दिवस मी त्यांना नुसतं बसायला आणि उठायला शिकवलं. चौकोनात कसं बसायचं, पुढचा पाय कुठे, खो मिळाला की कोणत्या पायाने निघायचं. कंटाळत होत्या, तरी येत होत्या. अंगठा देऊन ज्या बाईंनी पैशांचं विचारलं होतं, त्यांची मुलगी सोळाव्या दिवशी खांबावर सूर मारून धावणारीला बाद करती झाली. पूर्ण अंग हवेत, एक हात खांबाला, दुसरा त्या मुलीच्या टाचेला. ओठ फुटला, उठली आणि हसली. मी खिशातला रुमाल तिला दिला तर तिने तो कपाळाची माती पुसायला वापरला.

20 मेपासून पाऊस लागला. त्या वर्षी मेमध्येच सगळीकडे कोसळला. शेवटचे पाच दिवस मैदानात चिखल होता, तीन दिवस आम्ही तसंच खेळलो, दोन दिवस सोडावे लागले. खांब काढले, खड्डे बुजवले, आधीचे आणि नंतरचे फोटो काढून अभियंता साहेबांना पाठवले. फोटो काढाच. 500 रुपयांची अनामत परत मिळायला ऑगस्ट उजाडला, आणि तेव्हा 'मैदान पूर्ववत केल्याचा दाखला' मागितला गेला. फोटोंवरून तो एका दिवसात मिळाला.

डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. ज्यांच्या गावात आता समित्या बसतील त्यांनी क्रीडा समितीच्या सभापतींना जाऊन भेटावं आणि मुलांच्या खेळाचा दर विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा, ऐनवेळच्या विषयात नको, म्हणजे तो सूचीत येईल. आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांना मी 2011 च्या ठरावाची प्रत नेऊन दिली. त्यांनी विचारलं, "हे आपल्याकडे आहे?" मी म्हटलं, आहे, आणि कुठे आहे तेही सांगितलं.

या वर्षीचा अर्ज मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिला. सगळ्यात वर ठरावाची प्रमाणित प्रत, तिच्याखाली गेल्या वर्षीचं परवानगीचं पत्र, मग 210 रुपयांची जुनी पावती, मग 52 मुलींची यादी. लिपिक बदलून गेला आहे, नव्या बाई आहेत. त्यांनी अर्ज वाचला, काचेखाली बघितलं आणि कॅल्क्युलेटरही न घेता आकडा लिहिला. नवव्या दिवशी पत्र मिळालं. खांब वर्षभर आमच्या माळ्यावर आहेत, गेल्या रविवारी खाली काढले आणि मुलींनी त्यांना पॉलिश पेपर मारला.